छानछोकीचा उपहास आणि लंडनची छापचित्रे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये उपहासात्मक छापचित्रांचा जो व्यापार भरभराटीला आला, त्याची ओळख आज बहुतेकांना राजकीय व्यंगचित्रांमुळे असते. नेपोलियन, धाकटा पिट आणि तिसरा जॉर्ज यांची विडंबने इतिहासाच्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा छापली गेल्यामुळे तीच या कलेची मुख्य कामगिरी होय, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात त्या काळच्या दुकानांच्या खिडक्यांत टांगलेल्या चित्रांपैकी मोठा वाटा पोशाख, केशरचना, चालण्याबोलण्याचे नखरे आणि आपण आहोत त्याहून वरच्या थरातले आहोत असे दाखवण्याची धडपड, यांच्या थट्टेचा होता. या चित्रांकडे पाहण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एक त्यांना नीतिशिक्षणाचे साधन मानते आणि दुसरी निरुपद्रवी विनोद मानून सोडून देते. ही चित्रे कोणी काढली, कोणी विकली, कोणी विकत घेतली आणि त्यांत हसू नेमके कोणाचे झाले, हे प्रश्न एकत्र विचारले म्हणजे दोन्ही मते अपुरी ठरतात. छानछोकीची थट्टा करणारा हा धंदा छानछोकीच्याच बाजारपेठेत उभा होता, आणि त्याच्या थट्टेचा सर्वांत कठोर घाव बड्या लोकांच्या उधळपट्टीवर बसला नाही, तर त्या बड्यांसारखे दिसू पाहणाऱ्या खालच्या थरातील माणसांवर बसला.

या परंपरेचा पाया विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याने घातला. मुखवट्यांच्या नाचांमागे आणि इटालियन ऑपेरामागे धावणाऱ्या लंडनकरांवर त्याने १७२४ साली एक छापचित्र काढले, परंतु ते बाजारात येताच इतरांनी त्याच्या नकला काढून स्वस्तात विकल्या. या अनुभवातून त्याने पुढे इतर चित्रकारांच्या साहाय्याने पार्लमेंटकडे दाद मागितली आणि १७३५ साली छापचित्रांना चौदा वर्षांचे मुद्रणहक्क देणारा कायदा संमत झाला. या कायद्याने चित्राच्या मालकाचे नाव आणि प्रकाशनाचा दिनांक चित्रावरच कोरणे आवश्यक केले. त्या काळातील कितीतरी छापचित्रांचा नेमका दिवस आजच्या अभ्यासकाला सांगता येतो, तो या एका तरतुदीमुळे. होगार्थच्या ‘मॅरेज अ ला मोड’ या सहा चित्रांच्या मालिकेची छापील आवृत्ती १७४५ साली निघाली. कर्जात बुडालेल्या एका सरदाराचा मुलगा आणि एका धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी यांच्या लग्नाचा सौदा आणि त्यातून ओढवलेला सर्वनाश हा तिचा विषय आहे. घराण्याचे नाव विकणारा सरदार आणि ते विकत घेणारा व्यापारी या दोघांनाही होगार्थने सारख्याच कठोरपणे तोलले आहे. हा समतोल त्याच्यानंतर आलेल्यांना क्वचितच साधला, म्हणून त्याची नोंद येथे आवर्जून करायला हवी.

होगार्थ स्वतःला व्यंगचित्रकार म्हणवून घेण्यास तयार नव्हता. १७४३ सालच्या एका छापचित्रात त्याने शंभराच्या आसपास चेहरे दाटीवाटीने रेखाटून स्वभावदर्शन आणि विद्रूपीकरण यांतील फरक दाखवण्याचा प्रयत्न केला. ‘कॅरिकेचर’ म्हणजे एखाद्या माणसाचे नाक, हनुवटी किंवा पोट मुद्दाम फुगवून त्याची ओळख एका रेषेत पकडणे. ही रीत इटलीतली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आन्निबाले काराची याच्या चित्रशाळेत तिचा खेळ सुरू झाला होता आणि अठराव्या शतकात रोममधील पिएर लेओने गेत्सी तिच्यासाठी प्रसिद्ध होता. शिक्षण पुरे करण्यासाठी फ्रान्स आणि इटलीचा लांबलचक प्रवास करणारे इंग्रज उमराव तरुण, ज्यांच्या या प्रवासाला ‘ग्रँड टूर’ म्हणत, ते रोम आणि फ्लॉरेन्समध्ये आपली अशी चित्रे हौसेने काढून घेत आणि मायदेशी आणत. या गोष्टीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. ज्या परदेशी नखऱ्यांची टिंगल पुढे लंडनमध्ये झाली ते नखरे, आणि ज्या शैलीने ती टिंगल झाली ती शैली, दोन्ही त्याच तरुणांच्या सामानाबरोबर इंग्लंडात उतरली होती.

ही उमरावी करमणूक दुकानात मांडून विकण्याचे श्रेय मॅथ्यू डार्ली आणि त्याची पत्नी मेरी डार्ली यांच्याकडे जाते. मॅथ्यू हा मूळचा नक्षीकाम कोरणारा कारागीर. टॉमस चिपेंडेलने १७५४ साली प्रसिद्ध केलेल्या फर्निचरच्या नमुन्यांच्या विख्यात पुस्तकातील बऱ्याच आकृत्या त्याने कोरल्या होत्या, आणि त्याच वर्षी चिनी धर्तीच्या सजावटीचे नमुने देणारे एक पुस्तकही त्याने सहकाऱ्याबरोबर काढले होते. म्हणजे श्रीमंतांच्या दिवाणखान्यात काय शोभते हे ठरवणारी पुस्तके ज्या हाताने सजली, त्याच हाताने पुढे त्या दिवाणखान्यातील माणसांची थट्टा कोरली. मेरी डार्लीने १७६२ च्या सुमारास व्यंगचित्र कसे काढावे हे शिकवणारे एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. या विषयावरच्या इंग्रजीतील अगदी पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. स्ट्रँड या गजबजलेल्या रस्त्यावर ३९ क्रमांकाच्या जागी त्यांचे दुकान होते. तेथे हौशी स्त्रीपुरुषांना अम्लरेखन शिकवले जाई, आणि एखाद्या ग्राहकाने स्वतःची कल्पना कागदावर उतरवून आणली तर ती पत्र्यावर कोरून छापूनही दिली जाई. १७७१ पासून त्यांनी चोवीस-चोवीस चित्रांचे जे संच काढले, त्यांतील पहिल्याच संचाच्या मुखपृष्ठावर ही चित्रे अनेक स्त्रिया, सभ्य गृहस्थ आणि कलावंत यांनी काढली असल्याचे नमूद केले होते. ज्यांच्या वर्गाची थट्टा होत होती, त्याच वर्गातील माणसे ती थट्टा पुरवत होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता असणार?

अम्लरेखनाची कृती समजून घेतल्याशिवाय या धंद्याचा वेग लक्षात येत नाही. तांब्याचा गुळगुळीत पत्रा तापवून त्यावर मेण आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर देत आणि रेघा नीट दिसाव्यात म्हणून तो थर मेणबत्तीच्या काजळीने काळा करीत. मग सुईने थर खरवडत चित्र काढले जाई आणि पत्र्यावर नायट्रिक आम्ल ओतले जाई; जेथे थर निघालेला असे तेथे आम्ल तांबे खाऊन खाच पाडत असे. थर पुसून टाकून त्या खाचांत शाई भरायची, वरवरची शाई पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि दोन जड रुळांमधून पत्रा व कागद एकत्र दाबून काढायचा, अशी छपाईची रीत होती. कागदावर चित्र उलटे उमटत असल्याने खालची अक्षरे पत्र्यावर उलटी कोरावी लागत. धातूवर हत्याराने कोरीव काम करण्यास आठवडे लागत, तर अम्लरेखनाला एखाद-दुसरा दिवसही पुरे. त्यामुळे सोमवारी नाचाच्या मेळाव्यात दिसलेला पोशाख त्याच आठवड्यात दुकानाच्या खिडकीत टांगता येत असे. रंग मात्र छापले जात नसत. कमी मजुरीवर ठेवलेले कामगार एकेक प्रत जलरंगांनी हाताने रंगवत. त्यांत स्त्रिया आणि मुलेही असत, आणि त्यांतील कोणाचेही नाव चित्रावर नाही.

लहान आकाराच्या साध्या प्रतीला सहा पेन्स आणि रंगीत प्रतीला एक शिलिंग असा सर्वसाधारण भाव होता, मोठ्या रंगीत चित्रांना त्याहून अधिक पडे. लंडनमधील साध्या मजुराची रोजची कमाई तेव्हा दोन शिलिंगांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे एक रंगीत चित्र घेणे हा अर्ध्या दिवसाच्या श्रमाचा सौदा होता हे कळते. ग्राहक म्हणून सरदार, वकील, व्यापारी आणि सुखवस्तू कुटुंबे तेवढी उरत होती. खिडकीसमोर उभे राहून पाहणे मात्र सर्वांना फुकट होते. एडवर्ड टॉपहॅम या तरुणाने काढलेले आणि डार्लींनी १७७२ च्या जुलैत प्रसिद्ध केलेले एक चित्र खुद्द डार्लींच्या दुकानाचेच आहे. काचेच्या प्रत्येक चौकटीत छानछोक्यांची चित्रे लावलेली आहेत आणि बाहेर उभे राहून ती पाहणारेही थोड्याफार फरकाने त्यांच्यासारखेच नटलेले आहेत. पुढे पिकॅडिलीतील फोर्स या विक्रेत्याने दुकानात प्रदर्शन भरवून एक शिलिंग प्रवेशशुल्क घेण्यास आणि चित्रांनी भरलेले मोठे संग्रह एका संध्याकाळपुरते भाड्याने देण्यास सुरुवात केली. घरी पाहुणे जमले असता ते चाळत बसणे ही स्वतःच एक प्रतिष्ठित करमणूक झाली होती.

डार्लींच्या दुकानाचे नाव ज्या एका प्रकाराशी कायमचे जोडले गेले तो म्हणजे ‘मॅकरोनी’. इटलीहून परतलेल्या तरुणांना तिथल्या शेवयांसारख्या खाद्यपदार्थाची चटक लागली होती, त्यावरून त्यांना हे नाव पडले. केसांच्या लांब बटा मिरवणाऱ्या आणि दुर्बिणीच्या भिंगातून जग पाहणाऱ्या अशा प्रवासी तरुणांच्या मंडळाचा उल्लेख होरेस वॉलपोलच्या १७६४ सालच्या पत्रव्यवहारात येतो. मॅकरोनीचा पोशाख सहज ओळखू येणारा होता. डोक्यावर उंच रचलेला आणि मागे जाड गुंडाळी बांधलेला केसांचा टोप, त्याच्या टोकावर इवलीशी टोपी, अंगाला घट्ट बसणारा आखूड कोट, छातीवर फुलांचा मोठा गुच्छ, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, बकल लावलेले नाजूक बूट आणि हातात गोंडे लावलेली लांब काठी. फ्रान्सबरोबरचे सात वर्षांचे युद्ध १७६३ साली संपले होते आणि स्पिटलफील्ड्स भागातील रेशीम विणकरांच्या आंदोलनानंतर १७६६ साली परदेशी रेशमी कापडाच्या आयातीवर बंदी आली होती. अशा वेळी फ्रेंच धर्तीचे रेशमी कपडे घालून फिरणे ही निव्वळ आवडीची बाब उरली नव्हती, त्यात स्वदेशी विणकराच्या पोटावर पाय आणण्याचा आणि पुरुषार्थाला काळिमा फासण्याचा आरोप दडलेला होता. मॅकरोनीचा उपहास इतका जोरकस झाला त्यामागे हा राग होता. फिलिप डॉव्ह याचे १७७३ सालचे मॅकरोनीचे चित्र हे या सर्वांत अधिक कौशल्याचे आहे. ते मेझोटिंट पद्धतीचे, म्हणजे तांब्याचा संपूर्ण पत्रा आधी दातेरी हत्याराने खरखरीत करून मग हवा तेथे घासून उजळ करीत काढलेले असल्यामुळे, रेशमाची चमक आणि भुकटी लावलेल्या केसांचा मऊपणा त्यात हुबेहूब उतरला आहे. थट्टेसाठी काढलेल्या चित्रात वस्त्राचे इतके प्रेमाने केलेले चित्रण पाहिल्यावर, खरेदी करणाऱ्याला त्यात उपहासाइतकेच सौंदर्यही दिसत असले पाहिजे, असे मानणे भाग पडते.

१७७१ ते १७७३ या काळात डार्लींनी मॅकरोनी हा शब्द दिसेल त्याला चिकटवला. राजकारणातील तरुण नेता चार्ल्स जेम्स फॉक्स याला आद्य मॅकरोनी ठरवण्यात आले, चित्रकार रिचर्ड कॉस्वे मॅकरोनी चित्रकार झाला, आणि पाद्री, सैनिक, घोडदौडीचे शौकीन अशा प्रत्येक पेशातील मॅकरोनी दुकानात टांगले गेले. यांतील दोन चित्रांना विज्ञानाच्या इतिहासात विशेष स्थान आहे. कॅप्टन कुकच्या ‘एन्डेव्हर’ जहाजावरून १७६८ ते १७७१ या काळात जगप्रदक्षिणा करून आलेले जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर यांना त्यावेळी लंडनच्या दिवाणखान्यांत मोठी मागणी होती. १७७२ साली डार्लींनी बँक्सला दोन पृथ्वीगोलांवर पाय ठेवून फुलपाखरामागे लागलेला मॅकरोनी म्हणून, आणि सोलँडरला जडीबुटी गोळा करणारा मॅकरोनी म्हणून दाखवले. हजारो वनस्पतींचे नमुने घेऊन परतलेल्या या माणसांचे काम त्या शतकातील ज्ञानाची फार मोठी कमाई होती, परंतु विद्वत्ता आणि विद्वत्तेचा मिरवण्यापुरता उपयोग यांत फरक करण्याची गरज या चित्रकारांना वाटली नाही. ही त्यांची उथळता आहे आणि ती तशी सांगितलीच पाहिजे. बँक्स पुढे १७७८ साली रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला आणि १८२० मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या पदावर राहिला.

या थट्टेचे सामाजिक कार्य समजून घ्यायचे तर एका जुन्या कायद्याकडे वळावे लागते. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणते कापड, कोणता रंग आणि कोणती फर वापरावी हे ठरवणारे पोशाखविषयक निर्बंध इंग्लंडमध्ये शतकानुशतके होते आणि ते १६०४ साली रद्द झाले. त्यानंतर ज्याच्याजवळ पैसा त्याला हवे ते घालण्याची कायद्याने मुभा होती. व्यापार वाढला, कापड स्वस्त झाले, जुन्या कपड्यांचा बाजार फोफावला आणि धनिकांच्या घरातील नोकरांना मालकांचे उतरलेले रेशमी कपडे मिळू लागले, तेव्हा रस्त्यावर चाललेल्या माणसाचा दर्जा त्याच्या कोटावरून ओळखणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. जे काम पूर्वी कायदा करीत होता ते आता हसणे करू लागले. रॉबर्ट सेयर आणि बेनेट यांनी १७७४ साली प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या चित्रात साध्या खेडवळ कपड्यांतील शेतकरी बाप शहरात आला आहे आणि आपला मुलगा टॉम याच्या डोक्यावरील प्रचंड केशसंभार पाहून थक्क झाला आहे. चित्राचा कौल संपूर्णपणे बापाच्या बाजूचा आहे. टॉम शहरात काय काम करतो, तो चांगला कारकून आहे की वाईट, याची चित्राला पर्वा नाही. शेतकऱ्याच्या मुलाने सरदाराच्या मुलासारखे दिसणे एवढाच त्याचा गुन्हा आहे. याच काळात उमराव तरुण एका रात्रीत जुगारात हजारो पौंड घालवत होते, आणि त्यांच्या वाट्याला मात्र बहुधा ओळखीचे, गंमतीचे, स्वतःलाच विकत घ्यावेसे वाटेल असे चित्र येत होते.

हा भेद सर्वांत उघडा पडतो तो ज्युलियस सूबीजच्या बाबतीत. कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स बेटावर गुलामगिरीत जन्मलेल्या या मुलाला लहानपणी इंग्लंडला आणले गेले आणि क्वीन्सबरीच्या डचेसने त्याला आपल्या आश्रयाखाली घेतले. तिने त्याला तलवारबाजी आणि अश्वारोहण यांचे शिक्षण डोमेनिको आंजेलो या नामवंत गुरूकडे दिले. नाटके, ऑपेरा आणि बागांतील मेळावे यांत सूबीज उत्तम पोशाखात वावरू लागला. १७७२ सालच्या सप्टेंबरात डार्लींनी मॅकरोनीच्या वेशातील एका कृष्णवर्णीय तरुणाचे जे चित्र काढले ते त्याचेच मानले जाते. त्याच्या शीर्षकात वापरलेले ‘मंगो’ हे नाव त्या काळी गाजलेल्या एका संगीतनाट्यातील गुलाम नोकराचे होते. पुढच्याच वर्षी विल्यम ऑस्टिनने डचेस आणि सूबीज तलवारबाजी करीत असल्याचे चित्र काढले आणि शीर्षकात त्याला तिचा लाडका पाळीव कुत्रा म्हटले. फॉक्सला मॅकरोनी म्हटल्याने त्याच्या जन्माला किंवा माणूसपणाला धक्का लागत नव्हता. सूबीजच्या बाबतीत मात्र कपड्यांची थट्टा हे निमित्त होते, आणि त्याला पुन्हा गुलामाच्या जागी नेऊन बसवणे हा चित्राचा हेतू होता. १७७७ सालच्या जुलैत, एका मोलकरणीवर अत्याचार केल्याच्या आरोपाची चर्चा चालू असताना, त्याला जहाजाने बंगालला पाठवण्यात आले. कलकत्त्यात त्याने तलवारबाजी आणि अश्वारोहण शिकवणारी शाळा चालवली आणि १७९८ साली घोड्यावरून पडून त्याचा तेथेच मृत्यू झाला.

स्त्रियांच्या वाट्याला आलेली थट्टा मुख्यतः त्यांच्या डोक्याविषयी होती. लोकरीच्या गाद्यांवर केस चढवून, चरबीयुक्त मलम आणि पिष्टाची भुकटी लावून उंच मनोरे रचण्याची पद्धत १७७० च्या दशकात टोकाला पोहोचली आणि डेव्हनशायरच्या डचेस जॉर्जियाना हिने शहामृगाच्या लांब पिसांची भर त्यात घातली. डार्लींच्या १७७१ सालच्या एका चित्रात केशभूषाकार शिडीवर चढून काम करीत आहे आणि एक गृहस्थ कोन मोजण्याच्या नाविक यंत्राने त्या मनोऱ्याची उंची मापीत आहे. १७७७ सालच्या दुसऱ्या एका चित्रात स्त्रीच्या डोक्यावर वाफे आखलेली आणि माळ्यासकट अशी अख्खी बाग आहे. १७७६ मध्ये, म्हणजे अमेरिकेतील बंकर हिलच्या लढाईनंतर वर्ष उलटण्याच्या आत, त्यांनी केशसंभारावर तंबू, तटबंदी, तोफा आणि जहाजे मांडून संपूर्ण रणभूमी उभी केली. या शेवटच्या चित्रात मात्र विनोदाला धार आहे. वसाहतींत माणसे मरत असताना राजधानी नटण्यात गुंतली आहे, हा त्याचा आरोप गंभीर आहे.

अशा चित्रांचा वापर पोशाखाच्या इतिहासाचा थेट पुरावा म्हणून करण्याची चूक अनेकदा होते. अतिशयोक्ती हेच ज्यांचे साधन, त्यांच्यावरून प्रत्यक्ष केशरचनेची उंची ठरवणे धोक्याचे आहे. त्यासाठी त्या काळची तैलचित्रे, शिल्लक राहिलेली वस्त्रे आणि केशभूषाकारांच्या मार्गदर्शिका यांची साक्ष घ्यावी लागते. छापचित्रे सांगतात ते वेगळे: लोकांना कोणत्या गोष्टीची धास्ती वाटत होती आणि कोणाकडे बोट दाखवून हसणे सुरक्षित होते.

डार्ली दांपत्यानंतर या कलेला जेम्स गिलरे (१७५६–१८१५) याने उंचीवर नेले. रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकलेल्या या चित्रकाराची बहुतेक उत्तम कामे हॅना हम्फ्री या अविवाहित विक्रेत्या स्त्रीने प्रसिद्ध केली. तो तिच्याच दुकानाच्या वर राहत असे, आणि १७९७ पासून हे दुकान उमरावांच्या क्लबांच्या शेजारी, सेंट जेम्स रस्त्यावर २७ क्रमांकाच्या जागी होते. १७९५ साली पंतप्रधान पिटने केसांना लावायच्या भुकटीवर माणशी वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, असा कर बसवला, तेव्हा भुकटी सोडून देऊन गिनी वाचवू पाहणाऱ्या कुटुंबाचे चित्र गिलरेने लगोलग काढले. त्याच्या सामाजिक चित्रांत सर्वांत बोलके आहे ते १७९४ च्या डिसेंबरातले. त्यात एकीकडे सेंट जेम्स या राजदरबाराजवळच्या वस्तीतील हडकुळी स्त्री आणि दुसरीकडे चीपसाइड या व्यापारी पेठेतील लठ्ठ स्त्री, दोघी एकाच नव्या धर्तीच्या उंच कमरेच्या पोशाखात आणि पिसांच्या शिरोभूषणात उभ्या आहेत. खालच्या मजकुरात पहिलीला देहाविना आत्मा आणि दुसरीला आत्म्याविना देह म्हटले आहे. वरवर पाहता दोघींनाही टोला आहे, परंतु फॅशन ठरवण्याचा अधिकार पहिलीकडे आणि माकडासारखी नक्कल करण्याचे काम दुसरीकडे, ही वाटणी चित्राने निमूटपणे मान्य केली आहे. १८०९ साली त्याने एका हौशी व्यक्तीच्या कल्पनेवरून काढलेले शेतकरी जाइल्सचे चित्र याच जातीचे आहे. शाळेतून शिकून आलेली मुलगी बेटी शेजाऱ्यांसमोर पियानो वाजवत आहे आणि आईबाप अभिमानाने फुलले आहेत. युद्धकाळात धान्याचे भाव चढल्याने अनेक शेतकरी सुखवस्तू झाले होते आणि मुलींना शिकवू लागले होते. त्या काळातील एक आशादायक घटना चित्रकाराने हास्यास्पद ठरवली. गिलरेच्या रेषेचे सामर्थ्य वादातीत आहे, पण येथे ते दुर्बळाच्या विरुद्ध वापरले गेले.

त्यानंतरची पिढी क्रुकशँक बंधू या व्यंगचित्रकारांची. कमरेला काचोळी आवळणारे आणि गळपट्ट्यात कानापर्यंत बुडालेले ‘डँडी’ १८१८–१९ मध्ये त्यांच्या चित्रांचे मुख्य लक्ष्य झाले. मोडक्या खोलीत उसने कपडे चढवून बाहेर पडणारे गरीब डँडी त्यांत पुन्हा पुन्हा येतात. याच सुमारास चीपसाइडमधील टॉमस टेग स्वस्त प्रती मोठ्या संख्येने काढून विकत होता. पुढे शिळामुद्रण आणि लाकडी ठशांवरील चित्रे आली, १८४१ साली ‘पंच’ साप्ताहिक सुरू झाले, आणि सुट्या रंगीत छापचित्राचा व्यवसाय मावळला.

विकत घेणाऱ्यांनी जपून ठेवल्यामुळेच ही चित्रे आज पाहता येतात. विंडसर राजवाड्यातील राजघराण्याचा संग्रह, ज्यात स्वतः राजपुत्र असताना चौथ्या जॉर्जने घेतलेली चित्रे होती, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९२१ साली विकत घेतला. त्यात सुमारे १०,००० छापचित्रे होती. ब्रिटिश म्युझियममधील उपहासचित्रांची सूची फ्रेडरिक जॉर्ज स्टीफन्स याने सुरू केली आणि मेरी डोरोथी जॉर्ज या विदुषीने तिचे १९३५ ते १९५४ दरम्यानचे सात खंड प्रत्येक चित्रातील माणसे, ठिकाणे आणि प्रसंग ओळखून काढत सिद्ध केले. या विषयावर आज लिहिणारा प्रत्येक जण तिच्या ऋणात आहे. त्याच म्युझियमकडे १८१८ साली आणखी एक मोठा संग्रह आला होता. छापचित्रे, नाटकांची तिकिटे, भेटकार्डे, जाहिराती असे हजारो सुटे कागद त्यात होते, आणि तो आयुष्यभर जमवणारी स्त्री सारा सोफिया बँक्स, म्हणजे डार्लींनी दोन पृथ्वीगोलांवर उभ्या केलेल्या त्या मॅकरोनीची सख्खी बहीण होती.